जुन्या जीप-पिकअपला ३० मिमीचे व्हील स्पेसर : लावू का नको?

संत्रा_पिकअप :

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढून राहिलो, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या घरी बाबांची महिंद्राची जुनी लांब चासीची जीप-पिकअप आहे, १९८४ चं पासिंग, प्यूजोचं डिझेल इंजिन. मी शाळेत होतो तेव्हापासून हीच गाडी काटोलहून नागपूरच्या कळमना बाजारात संत्रा घेऊन जाते. बाबा गेल्यावर विकायचा विषय निघाला होता, मी नाही म्हटलं. दोन वर्षांपासून थोडी थोडी सुधरवून राहिलो, रंग झाला, पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) झाले, ब्रेक नवीन केले.

आता प्रॉब्लेम असा आहे की मूळच्या १६ इंची डिस्क (चाकाच्या लोखंडी रिम) गंजल्या होत्या म्हणून मी १५ इंची सेकंडहँड अलॉय घेतले अन् त्यावर २३५/७५ चे टायर टाकले. दिसायला एकदम भारी दिसते पण स्टेअरिंग पूर्ण वळवलं की समोरचा टायर आतून पाट्याला घासते. टायरच्या साइडवॉलवर बोटभर रुंद चमकदार पट्टा पडला आहे. दुकानदार म्हणते ३० मिमीचे स्पेसर (चाक बाहेर सरकवायला त्याच्या मागे टाकायची चकती) टाका चारही चाकांना, काम खतम, अन् गाडी रुंद, रुबाबदारपण दिसते. मिस्त्री म्हणते अजिबात नका टाकू, चाक निघून जाईन. दोघंही वीस-वीस वर्षं हेच काम करून राहिले, मंग ऐकू कोणाचं?

गाडी शोची नाही. आंबिया बहारात ४०-४५ क्रेट भरून काटोल-नागपूर ६० किमी रोजचा फेरा असते, अन् बरेचदा बायको-पोरगी सोबत असतात. म्हणून नीट समजून घ्यायचं आहे. तुम्हाला अनुभव असन तर सांगा.


हिंगणा_टर्नर :

भाऊ, हिंगणा एमआयडीसीत लेथवर आहे, महिन्यात एखाद-दोन गिऱ्हाईकं तरी स्पेसर बनवून द्या म्हणून येतातच, त्यामुळे थोडं सांगतो.

स्पेसर म्हटलं की दोन वेगळ्या वस्तू असतात, आधी ते समजून घ्या. एक म्हणजे नुसती चकती, ३ ते ५ मिमीची, हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) आणि डिस्कच्या मधे सरकवायची आणि गाडीचेच स्टड (नट चढतात ते आट्यांचे दांडे) त्यातून बाहेर येऊन वरून नट. दुसरा जाड, २०-२५ मिमीच्या पुढचा, तो गाडीच्या स्टडवर वेगळ्या नटांनी कसायचा आणि त्याच्या स्वतःच्या स्टडवर चाक बसवायचं. तुम्हाला ३० सांगितलाय म्हणजे दुसरा.

चकतीवाल्यात धोका आट्यांचा असतो. तुमच्या गाडीचा स्टड अर्धा इंची असणार, तर नट कमीत कमी अर्धा इंच तरी आट्यावर चढला पाहिजे. इंचाला २० आटे म्हणजे हातानं मोजून १० फेरे. ६-७ फेऱ्यांत नट टाइट झाला तर तो टाइट झालेला नाही असंच समजा.

जाडवाल्यात धोका मालाचा. चांगला स्पेसर ६०६१-टी६ किंवा ७०७५ ग्रेडच्या अ‍ॅल्युमिनियमच्या घन तुकड्यातून काढलेला असतो. बाजारात ओतीव माल पण येतो, पॉलिश करून एकदम तसाच दिसतो, आत हवेचे बुडबुडे असतात. माझ्याकडे एकानं असा आणला होता भोक मोठं करायला. टूल लावलं तर चिप्स लांब सुटायच्या ऐवजी भुगा पडायला लागला, आणि भोकाच्या भिंतीत मोहरीएवढे खड्डे. मी पैसे न घेता परत दिला आणि लावू नको सांगितलं.

आणि लेथवाल्याकडून लोखंडी प्लेट कापून बनवायचा विचार असेल तर तो पण सोडा, मीच लेथवाला असून सांगतो. दोन्ही तोंडं एकमेकांना समांतर पाहिजेत, भोकांचा पीसीडी (भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) तंतोतंत पाहिजे आणि मधला बोर (मोठं भोक) हबवर घट्ट बसला पाहिजे. घाईच्या जॉबवर हे सगळं एकाच वेळी साधत नाही.


बुटीबोरी_मेकॅनिकल :

दादा, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, बुटीबोरीत नोकरी. आमच्याही घरी आजोबांची जीप आहे म्हणून या धाग्यावर थांबले.

एक गैरसमज आधी काढून टाकूया. चाक स्टडवर "टांगलेलं" नसतं. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि तो ताण डिस्कला हबवर दाबून धरतो, या दाबामुळे जे घर्षण तयार होतं त्यावर चाक टिकतं. अर्धा इंची स्टड ८० फूट-पाउंडच्या टॉर्कला (आवळायच्या जोराला) आवळला तर साधारण ४ टनांचा दाब एका स्टडवर येतो, पाच स्टडचे झाले २० टन. जोपर्यंत हा दाब आहे तोपर्यंत स्टडला आडवा मार बसतच नाही. दाब गेला की डिस्क हलायला लागते, मग स्टड प्रत्येक फेरीला इकडून तिकडे वाकतो आणि तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तसा तुटतो.

आता स्पेसर लावला की एका सांध्याचे दोन सांधे झाले. दोन्हीकडे दाब टिकला पाहिजे. तोंडावर रंग, गंज, ग्रीस काहीही असेल तर ते दोन-चार दिवसांत दबतं आणि तेवढाच ताण कमी होतो. तुम्ही म्हणताय नुकताच रंग झाला, तर हबच्या तोंडावर पण रंग मारला असेल तर तो खरवडून काढा, स्पेसर लावा न लावा.

बेअरिंगचं म्हणाल तर, लोड गाडीत मागच्या एका चाकावर ५५० किलो धरले तर ३० मिमी बाहेर सरकल्यावर जादा मोमेंट (वाकवणारा जोर) साडेसोळा किलोग्रॅम-मीटर, आणि खड्ड्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट. पण बेअरिंगला स्पेसर कळत नाही, त्याला फक्त चाकाचा मध्य कुठे आहे ते कळतं. म्हणून मला तुमच्याकडून एक माप पाहिजे. अलॉय खाली आडवा ठेवा, आतली बाजू वर, रिमच्या काठांवर सरळ पट्टी टाका आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या तोंडापर्यंत किती खोल आहे ते मोजा. जुनी डिस्क असेल तर तिचं पण.


जुना_फिटर_वाडी :

मी एस.टी.च्या वर्कशॉपातून रिटायर झालो, चाकाच्या कामातच जन्म गेला म्हणा. बेटा, एक गोष्ट कोणीच बोललं नाही अजून.

जुन्या विलीस जातीच्या (महिंद्राची जीप ज्या अमेरिकी जीपवरून आली तिच्या) जीपांना डाव्या अंगाच्या, म्हणजे क्लीनर साइडच्या, चाकांना उलटे आटे असतात. स्टडच्या तोंडावर एल ठोकलेला असतो, रंगाखाली दबला असन तर तारेचा ब्रश मारून पाहा. त्या काळात कंपन्यांचं म्हणणं होतं का चाक फिरता फिरता नट आपोआप सैल होऊ नये म्हणून डावीकडे उलटे आटे द्यायचे. अमेरिकेत क्रायस्लर-डॉजवाल्यांनी तर १९७० च्या आगेमागेपर्यंत हेच चालवलं.

आता तू स्पेसर घेशीन तर त्याच्यासोबत येणारे नट सगळे सुलटे. डाव्या हबवर ते बसणारच नाहीत. मंग पोट्टा काय करते, जोर लावते, इम्पॅक्ट गन लावते, अन् आटे खाऊन टाकते. समजा तू उलट्या आट्याचे नट शोधून आणले, तरी आत उलटे अन् बाहेर स्पेसरचे सुलटे, एकाच चाकावर दोन जातीचे आटे. रात्री रस्त्यावर पंक्चरवाला चाक खोलन तर त्याले काय सांगशीन? मी डाव्या चाकाचे स्टड अशा गन मारून तुटलेले किती बदलले त्याचा हिशोब नाही.

दुसरं, मागचा एक्सल कोणता आहे ते पाह्यलं का? ड्रमच्या मधोमध मोठा खाचेचा नट अन् त्यात फुलीपिन असन, ड्रम काढाले पुलर लागत असन, तर तो टेपर शाफ्टवाला सेमी-फ्लोटिंग. त्यात गाडीचं वजनही शाफ्टच उचलते अन् चाकही तोच फिरवते. चाक बाहेर सरकवलं का वाकवणारा जोर सरळ शाफ्टवर. फुल-फ्लोटिंगमधे हब वेगळ्या नळीवर दोन बेअरिंगांवर फिरतो, शाफ्ट फक्त फिरवाचं काम करते, म्हणून ट्रकले तो असते. क्रेट भरून फेरे माराचे असतील तर ही गोष्ट पहिले पाहाची.


समृद्धी_रायडर :

सगळे घाबरवून राहिले म्हणून दुसरी बाजू पण लिहितो. माझ्या जुन्या थारला २५ मिमीचे स्पेसर ३ वर्षांपासून आहेत, समृद्धीवर पण चालवली, रामटेकच्या गडावर पण नेली, चिखलदऱ्याला दोनदा जाऊन आलो. काही झालं नाही. पोर्शसारखी कंपनी स्वतः आपल्या गाड्यांसाठी स्पेसर विकते, जर्मनीत टीयूव्ही या तपासणी संस्थेच्या मंजुरीनं लोक लावतात. म्हणजे वस्तू मुळातच वाईट आहे असं नाही ना?

फक्त मी घनातून काढलेले, हबच्या बोरवर बसणारे घेतले, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) स्वतःचा विकत घेतला, आणि लावल्यावर ८० किमीनं चाकं उतरवून आतले नट परत टॉर्क केले. त्यानंतर दर सर्व्हिसला करतो. चाकं उतरवून म्हणजे उतरवूनच, बाहेरचे नट टाइट करून समाधान मानू नका.


उमरेड_रोड :

वरच्या भाऊंचं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो, कारण माझं नेमकं तिथंच चुकलं होतं.

माझ्याकडे जुना पिकअप होता, त्याला मागच्या बाजूला ओळखीच्या एका दुकानातून स्पेसर बसवून घेतले होते. दर आठवड्याला मी पाना घेऊन बाहेरचे नट तपासायचो, कधीच सैल निघाले नाहीत, मला वाटायचं आपण किती काळजी घेतो. एका रात्री उमरेडहून येताना, पाचगाव मागे पडलं असेल, मागून टक... टक... टक असा आवाज. वेग वाढवला की आवाज जवळजवळ यायचा, कमी केला की लांब. मला वाटलं टायरमधे गोटा अडकला. बरंच अंतर तसाच आलो, मागं भाऊ आणि त्याची दोन पोरं बसलेली होती.

विहीरगावजवळ चहाच्या टपरीवर थांबलो, टॉर्च मारली. बाहेरचे नट सगळे जिथल्या तिथं, घट्ट. पण डिस्कच्या भोकांतून आत पाहिलं तर स्पेसरच्या मागून लालसर पावडर बाहेर उडून ड्रमवर चाकाच्या आऱ्यांसारखे पट्टे पडलेले. जॅक लावून चाक उतरवलं तर आतला एक स्टड मुळापासून तुटलेला, दोन नट गायब आणि चौथा मी बोटांनी फिरवून काढला. स्पेसरची गोल भोकं लांबट झाली होती, अंड्यासारखी. म्हणजे अख्खं चाक एका नटाच्या भरवशावर शहरात आलं होतं. अजून दहा किलोमीटर गेलो असतो तर काय झालं असतं ते मी आजही घरात बोलत नाही.

ती लालसर पावडर लक्षात ठेवा सगळ्यांनी. नटाच्या किंवा स्पेसरच्या कडेनं गंजासारखी बारीक धूळ दिसली म्हणजे आत दोन धातू एकमेकांवर घासून राहिले. तिथंच गाडी थांबवा.


बुटीबोरी_मेकॅनिकल :

@उमरेड_रोड, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत. दोन नट गायब झाले म्हणजे उरलेल्यांवर भार वाढतच गेला, ते एकामागून एक सुटतात. आणि जाड स्पेसरमधे आतले नट चाकाच्या मागे झाकलेले असतात ही त्याची सगळ्यात मोठी अडचण आहे.

@समृद्धी_रायडर, तुमचं बरोबर आहे, पण जुन्या थारला दोन्हीकडे सुलटे आटे, शिवाय तुम्ही मालवाहतूक करत नाही. दादांची गाडी वेगळी.


कायदा_सिव्हिल_लाइन्स :

थोडं कागदाचं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ (४) आलं, त्यात परवानगी नसलेला भाग बसवून गाडीत बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पासिंगच्या वेळी चाकं मडगार्डच्या बाहेर आलेली दिसली की इन्स्पेक्टर विचारणारच. पण मला दंडापेक्षा विम्याची काळजी जास्त वाटते, अपघात झाला आणि सर्व्हेअरनं रिपोर्टात "अनधिकृत बदल" लिहिलं तर क्लेमसाठी वर्षानुवर्षं भांडत बसावं लागतं.

जाता जाता, गाडी ५० वर्षांची झाली की २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, तुमची २०३४ मधे होईल. मूळ वस्तू जपून ठेवा, गंजलेल्या डिस्क पण.


संत्रा_पिकअप :

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवार अख्खा गाडीखाली गेला, पोरगी टॉर्च धरून होती.

फिटरकाका, तुमचं दोन्ही खरं निघालं. क्लीनर साइडच्या स्टडवर ब्रश मारला तर एल दिसला, पाचही स्टडवर. इतकी वर्षं ही गाडी घरात आहे अन् मले माहीतच नव्हतं, बाबांना नक्कीच माहीत असन कारण ते पंक्चरवाल्याच्या हातात पाना देतच नव्हते, स्वतःच खोलायचे. लहानपणी मले वाटायचं यांना लोकांवर भरवसा नाही. मागे ड्रमच्या मधे मोठा खाचेचा नट अन् फुलीपिन आहे, म्हणजे टेपर शाफ्ट.

ताई, माप घेतलं. अलॉय ७ इंची आहे, पट्टीपासून तोंडापर्यंत ५ इंच. जुनी डिस्क साडेचार इंची, तिचं सव्वातीन इंच.

अजून एक दिसलं, स्टडची उंची हबपासून ३४ मिमी आहे. ३० चा स्पेसर लावला तर ४ मिमी बाहेरच राहते. अलॉयच्या मागच्या बाजूला तेवढी खोबण नाही, पूर्ण सपाट आहे.


बुटीबोरी_मेकॅनिकल :

दादा, तुमच्या शेवटच्या मापानंच निकाल लागला. स्टड ४ मिमी बाहेर आला तर अलॉय स्पेसरच्या तोंडाला टेकणारच नाही, स्टडच्या टोकांवर बसेल. नट आवळले जातील, टॉर्क पण दाखवेल, आणि तरीही सगळं खोटं. दुकानात हे कोणी मोजत नाही.

आता टायरचा हिशोब. रिमची एकूण रुंदी सांगितलेल्या मापापेक्षा साधारण १ इंच जास्त असते. ७ इंची म्हणजे ८, तिचा मध्य ४ वर, तुमचं तोंड ५ वर, म्हणजे ऑफसेट (रिमच्या मध्यापासून तोंडाचं अंतर) +२५ मिमी. जुन्या डिस्कचा तसाच काढला तर +१३.

हबच्या तोंडापासून टायर आत किती जातो ते पाहू. मूळ ६.०० चा टायर साधारण १६० मिमी रुंद, अर्धा ८० अधिक १३, म्हणजे ९३ मिमी. आताचा २३५ : ११७ अधिक २५, म्हणजे १४२. जवळजवळ ५० मिमी आत आला, पाट्याला घासेल नाही तर काय. ३० चा स्पेसर लावला तर ११२.

आणि समजा १५ इंचाचीच ६ इंची स्टीलची डिस्क घेतली, शून्य ऑफसेटची, त्यावर २१५/७५, तर १०७. म्हणजे स्पेसर न लावता स्पेसरपेक्षा जास्त जागा. चाकाचा मध्य मूळच्यापेक्षा फक्त १३ मिमी बाहेर जातो, स्पेसरनं १८ गेला असता, म्हणून शाफ्टवरचा भार पण कमी. टायरची उंची मूळच्यापेक्षा २०-२५ मिमी कमी होईल, स्पीडोमीटर ३ टक्क्यांच्या आसपास जास्त दाखवेल, एवढंच.


हिंगणा_टर्नर :

ताईंचा हिशोब पाठ करण्यासारखा आहे. दादा, डिस्क घेताना पीसीडी साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिमी, ५ भोकं, आणि मधला बोर हबवर जाऊन पाहा. डिस्कची बसणी कोनाची असते, नट पण कोनाचेच वापरा, अलॉयचे सपाट वॉशरवाले नट तिथं चालत नाहीत. आणि आट्यांना तेल लावू नका, तेल लावलं की त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो.


जुना_फिटर_वाडी :

नवीन डिस्क लावशीन तेव्हा ड्रमवर चपटे स्क्रू किंवा पत्र्याच्या क्लिपा राहिल्या असतील तर पाहून घेजो, त्याच्यामुळेही डिस्क पूर्ण टेकत नाही. अन् क्लीनर साइडच्या दोन्ही मडगार्डांवर आतून पांढऱ्या रंगानं लिहून ठेव, "उलटे आटे". मिस्त्री बदलते, मालक बदलते, लिहिलेलं राह्यते.


संत्रा_पिकअप :

अपडेट. कॉटन मार्केटकडे तीन दुकानं फिरून चौथ्यात ६ इंची स्टीलच्या डिस्क मिळाल्या, माप सोबत घेऊन गेलो होतो, बोर हबवर बरोबर बसला. २१५ चे टायर टाकले, अलॉय अन् २३५ विकून निम्मे पैसे सुटले. पूर्ण वळवलं तरी पाटा अन् टायरच्या मधे आता माझी दोन बोटं जातात. स्टेअरिंगचा स्टॉपर बोल्ट (चाक किती वळायचं ते अडवणारा) एक फेरा बाहेर घेतला, मिस्त्री म्हणे असू द्या लोडच्या वेळी.

टॉर्क रेंच घेतला. पहिल्या फेऱ्यात क्रेट भरून कळमन्याला गेलो, परत घरी पोचल्यावर चाकं थंड झाल्यावर तपासले, डावीकडच्या मागच्या चाकाचे दोन नट थोडे फिरले, बाकी जिथल्या तिथं. काल परत तपासले तर एकही नाही हलला.

क्लीनर साइडच्या दोन्ही मडगार्डांवर पोरीनं लिहिलं, ब्रशनं. तिनं "आटे" च्या पुढं बाण पण काढला कोणत्या बाजूनं फिरवायचं त्याचा.


उमरेड_रोड :

दादा, तो बाण बरोबर बाजूला आहे ना तेवढं एकदा पाहून घ्या. डावीकडे खोलायचं म्हणजे घड्याळाच्या दिशेनं.


संत्रा_पिकअप :

पाहिलं. बरोबर आहे.